येळवशीचा पहारा

आमच्या बिदरात वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी चोरानं घरी बसणं म्हणजे धंद्याशी बेइमानी. तो दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातली अमावस्या. सकाळी घराला कुलूप लावायचं, डोक्यावर ताकातल्या आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, घ्यायचं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी रानात जायचं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, रानभर आंबील शिंपडायची, आणि मग कडधान्यं-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी आणि खीर असं पोटाला तडा जाईस्तोवर जेवायचं. त्या दुपारी शहरात कुणी परका उतरला तर त्याला वाटावं, इथं संचारबंदी आहे. दुकानं बंद, रिक्षा बंद, चौकातली कुत्रीसुद्धा एकमेकांकडं बघत बसलेली.

ज्यांना रान नाही त्यांची या दिवशी चंगळ असते. रानवाले त्यांना आठवडाभर आधीपासून आग्रह करतात. येळवशीला पानावर परका माणूस नसला तर पीक रुसतं, असं आमच्याकडं म्हणतात. मला स्वतःला कुंडीतल्या तुळशीपलीकडं जमीन नाही, त्यामुळं माझी एकही येळवस उपाशी गेलेली नाही. कधी औरादकडं, कधी हुमनाबादकडं, जिकडं भज्जी चांगली तिकडं मी.

आता कल्पना करा, की एखाद्यानं आपल्याला रान आहे असं सांगून ठेवलंय, आणि त्याला रान नाही. त्याला कोण बोलावणार? ज्याला नाही त्याला दहा आमंत्रणं, ज्यानं आहे म्हणून सांगितलं त्याला एकही नाही. हा माणूस आमच्या कॉलनीत राहत होता, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याची नोकरी काय होती म्हणता? जमीन मोजायची. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधावरून साखळी ओढली, भावाभावांच्या मध्ये खुंट्या ठोकल्या, आणि निवृत्त झाले तेव्हा स्वतःच्या नावावर कॉलनीतला प्लॉट तेवढा उरला. आम्ही त्यांना सर्व्हेअरसाहेब म्हणायचो.

त्यांचं रान भालकीच्या पलीकडं, मांजरेच्या काठी होतं. म्हणजे तोंडात होतं. तोंडातलं रान फार सुपीक असतं. दर येळवशीला साहेब धोतर नेसून, अक्कांच्या डोक्यावर बिंदगं देऊन, सगळ्या कॉलनीला हात करत रिक्षानं निघायचे. अक्का म्हणजे त्यांच्या मिसेस. दोघं शहराबाहेरच्या एका देवळात जाऊन झाडाखाली डबा खायचे, आणि संध्याकाळी येताना बाजारातून हरभऱ्याचे डहाळे घेऊन यायचे. ते डहाळे आम्हा सगळ्यांना वाटायचे. "आमच्या काळ्या रानातला हाय, चव बघा," असं वर सांगायचे. मी चव बघायचो आणि म्हणायचो, वा. मला ठाऊक होतं का? अहो, ज्यानं इतक्या रानांत जेवण केलंय त्याला डहाळ्याच्या जुडीला बाजारवाल्याची सुतळी बांधलेली दिसत नाही का? पण चालू नाटकात उठून जाणारा प्रेक्षक मी नाही.

एका वर्षी येळवशीच्या दिवशी शेजारच्या कॉलनीत चोर शिरले. त्यांनी कपाटं उचकली आणि एका घरात तर उरलेली खीरही संपवून भांडं घासून ठेवलं. मग आमच्याकडं बीटचा पोलीस आला. आमचा भाग ज्याच्याकडं नेमून दिलेला, तो शिपाई. आडव्या अंगाचा, औरादकडचा, मराठी-कन्नड-दखनी एकाच वाक्यात कालवून बोलणारा. त्याला स्वतःचं रान होतं, चांगलं विहिरीचं, आणि बंदोबस्तापायी कैक येळवशी त्याच्या चुकल्या होत्या. दुसऱ्यांची घरं राखायची आणि आपल्या रानातली भज्जी भावानं खायची, हे त्याच्या मनात खोल रुतलं होतं. हे ध्यानात असू द्या.

त्यानं कॉलनीची सुरक्षा समिती करवली. मोबाइलवर ग्रुप झाला. अध्यक्ष कोण व्हावं यावर चर्चा झालीच नाही, कारण अध्यक्ष होण्याजोगं पोट एकाच माणसाला होतं. बाजारात त्यांचं अडतीचं दुकान, भालकी रोडला बागायत रान, आणि बोलणं असं गोड की समोरच्याला आपली मान कापली गेल्याचं घरी गेल्यावर कळावं. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

बीटवाल्याची युक्ती साधी होती. येळवशीच्या सकाळी प्रत्येक कुलूपबंद दारावर, दाराच्या फळीपासून चौकटीपर्यंत, कागदाची पट्टी मैद्याच्या खळीनं चिकटवायची. दुपारी तो फेरी मारणार. पट्टी शाबूत तर घर शाबूत. पट्टी फाटली असेल तर घरमालकानंही हात लावायचा नाही, बीटवाला येऊन आत बघेपर्यंत बाहेर थांबायचं. हा शेवटचा नियम अण्णांनी घातला. "आत चोर असला आन् मालकाच्या डोस्क्यात घातला तर समितीचं नाव खराब व्हतंय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सर्व्हेअरसाहेबांनीही वाजवल्या.

त्या टाळ्यांचं कारण वेगळं होतं. साहेबांची एकुलती एक मुलगी बंगळूरला नोकरीला. अण्णांचा मुलगा तिच्याच कॉलेजात शिकलेला. दोघांचं जमलं होतं, आणि मुलानं घरी सांगितलंही होतं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. अण्णा कधीच नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय. एकुलती हाय. मांजरेकाठचं रान शेवटी पोरांचंच." म्हणजे लग्न ठरलं होतं, पण ते रानावर उभं होतं, आणि रान तर नव्हतंच. इतकी वर्षं साहेबांची थाप निरुपद्रवी होती, डहाळ्यांच्या जुडीएवढी. आता तिच्यावर मुलीचा संसार बांधायचा होता. मुलीनं वडलांना दोनदा फोन करून सांगितलं होतं म्हणे, की बाबा, नाही म्हणून सरळ सांगून टाका, मी बघते पुढचं. पण सरळ सांगण्याची सवय मोडून फार दिवस झाले होते.

त्याच्या पुढच्या येळवशीच्या आठवडाभर आधी समितीच्या बैठकीतच अण्णांनी विषय काढला.

"पाहुणे, यंदा आमी तुमच्या रानात येतो की. रान बी बघणं व्हईल."

साहेबांनी पान चघळणं थांबवलं. "या की अण्णा. पर यंदा नदीकडचा रस्ता वाहून गेलाय. तुमची गाडी बसंल चिखलात."

"पाऊस तर कवाच गेला."

"आमच्याकडं चिखल लवकर वाळंना," साहेब म्हणाले. "काळं रान हाय ना."

अण्णा हसले. "बरं बरं. मग सुगीला."

येळवशीची सकाळ उजाडली. साहेबांनी धोतर नेसलं, कुलूप लावलं, बीटवाल्यासमोर उभं राहून पट्टी चिकटवून घेतली आणि वर "जरा खळ जास्त लाव बाबा" असंही सांगितलं. अक्का बिंदगं घेऊन लंगडत रिक्षात बसल्या. त्यांचा गुडघा त्या थंडीत पार गेला होता. देवळापर्यंतची चढण त्यांच्यानं होणार नव्हती, आणि घरात बसलो असं सांगावं तर अण्णांना काय सांगायचं? म्हणून साहेबांनी बेत केला, जो मला पुढं अक्कांनीच सांगितला. रिक्षा स्टँडापर्यंत न्यायची, तिथून दुसऱ्या रिक्षानं मागच्या बोळात यायचं, आतून कडी न लावलेल्या मागच्या दारानं घरात शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत आवाज न करता बसायचं. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरण्याचा बेत इतका चोख होता, की नोकरीत त्यांनी एवढं डोकं वापरलं असतं तर रानही झालं असतं.

मी त्या वर्षी अण्णांच्या रानात होतो. कोपीपुढं पंगत बसली होती. अण्णांच्या घरची भज्जी म्हणजे काय सांगू, तिच्यात तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, चिंच, सगळं एकमेकांत विरघळून भांडणं मिटवल्यासारखं झालेलं असतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि अण्णांचा फोन वाजला. बीटवाला होता. अण्णांनी स्पीकर लावला.

"अण्णा, चोर सापडलाय. सर्व्हेअरसाहेबाच्या घरात. पुढली पट्टी जशीच्या तशी हाय, मागनं शिरलाय. मी भायेरून कडी घालून साखळी मारलाव."

"आवाज आला का?"

"आवाज न्हाई अण्णा, वास आला. भज्जी गरम करायलाय हराम्या."

पंगत उठली. हात धुवायला कुणी थांबलं नाही. पुरुष माणसं जीप आणि टेम्पोत भरली. हातात काठ्या पाहिजेत म्हणून कुणीतरी बांधावरचा ऊस तोडला आणि सगळ्यांना एकेक कांडकं दिलं. वाटेत निम्म्यांनी आपलं शस्त्र सोलून खाल्लं. सणाच्या दिवशी चोर मारायला मिळणं हा योग रोज येत नाही. टेम्पोत इतका आनंद होता की मला जावयाच्या वरातीची आठवण झाली.

कॉलनी रिकामी होती आणि उन्हात पांढरी पडली होती. मागच्या बोळात बीटवाला दारापुढं खुर्ची टाकून बसला होता, जणू आत त्याचंच जेवण चाललंय. दार सागवानी, मजबूत. बाजूला स्वयंपाकघराची खिडकी, आतून लावलेली, खाली धुराड्याएवढी एक जाळी.

"पहिलं मालकाला सांगा," कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी फोन लावला. वाजला, वाजला, आणि साहेबांनी उचलला. आवाज दबलेला.

"पाहुणे, कुठं हाव?"

"रानात की अण्णा. आत्ताच आंबील शिंपडलाव."

"तुमच्या घरात चोर शिरलाय."

मग साहेब म्हणाले, "चोर का? असू द्या."

"असू द्या कसं?"

"घरात काय हाय न्यायला. गरीब असंल बिचारा. सणाचा दिवस हाय, सोडून द्या."

बीटवाला खुर्चीतून उठला. "सोडून कामून द्यायचं? मी माझं रान सोडून हितं बसलाव ते ह्याला सोडायला व्हय?"

"मग दार तेवढं फोडू नका," फोन म्हणाला. "सागवानी हाय."

"न्हाई फोडत," अण्णा गोड आवाजात म्हणाले. "धूर देतो."

पुढचं सगळं फार भराभर झालं. अण्णांनी समोरच्या आपल्या घराची पट्टी स्वतःच्या हातानं फाडली, आतून घमेलं आणलं, गोवऱ्या आणल्या, सुक्या लाल मिरच्यांची परडी आणली, आणि टेबलफॅनसुद्धा आणला. गोवऱ्या पेटल्या. मिरच्या पडल्या. पंख्याचं तोंड जाळीकडं केलं. आम्ही सगळे उपरण्यानं नाकं बांधून दोन पावलं मागं सरलो, आणि ऐकू लागलो.

आधी एक खोकला आला. बारीक, तुटक, शेवटी शिट्टीसारखा ओढत जाणारा. तो खोकला कॉलनीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. अक्कांना दमा होता. थंडीतल्या प्रत्येक सकाळी आम्ही तो खोकला ऐकून दूधवाला आला म्हणून उठायचो.

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी बीटवाल्याकडं पाहिलं. बीटवाल्यानं टेम्पोतल्या पोरांकडं पाहिलं. सगळ्यांना एकाच क्षणी कळलं, आणि एवढ्या मोठ्या घोळक्यात पंखा बंद करायला एकही हात पुढं झाला नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर मी राग शोधला. राग नव्हता. खूप दिवस अडकलेला काटा निघावा तसं त्यांचं तोंड सैल झालं होतं. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की भालकीकडचं आणखी एक स्थळ त्यांच्या खिशात होतं, आणि मुलाला नाही कसं म्हणावं एवढीच अडचण होती.

अण्णांनी पुन्हा फोन लावला. आत कुठंतरी बारीक थरथर झाली. साहेबांनी तो मुका करून ठेवला होता.

"पाहुणे, जेवणं झाली काय?"

"झाली, अण्णा."

"हवा कशी हाय रानात?"

"ब... बरी हाय." आणि खोकला. तो फोनमधून आला आणि जाळीतूनही आला, एकाच वेळी, दोन कर्ण्यांतून एकच गाणं लागावं तसा.

"खोकला कामून लागलाय?"

"धुकं हाय जरा."

"दुपारचं?"

"नदीकाठ हाय अण्णा. पाण्यापाशी असतंय."

अण्णांनी परडीतून आणखी मूठभर मिरच्या घेतल्या आणि देवाला फुलं वाहावीत तशा हळुवार घमेल्यात टाकल्या. पोरांनी तोंडात उपरणी कोंबली. हसू आणि ठसका एकाच वाटेनं बाहेर यायला बघत होते. मी इतकी नाटकं पाहिली, पण दोन्ही बाजूच्या नटांना खरं ठाऊक असून एकानंही सोंग सोडू नये, असा प्रयोग मी तो एकच पाहिला.

"हरभरा कसा हाय यंदा?"

"कंबरेला... लागलाय."

"अक्का कुठं हायत?"

"हितंच. कोपीत."

"द्या की फोन त्यांच्याकडं. येळवशीचा नमस्कार करतो."

आत भांडं पडलं, मग काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली आणि तिच्यातून तिखट धुराचा लोट आणि त्याच्यामागं अक्कांचं तोंड बाहेर आलं. डोळे सुजलेले, पदर तोंडावर.

"हितंच हाव," त्या म्हणाल्या. "रान न्हाई आमाला. कवाच नव्हतं. आता तर उघडा."

त्यांच्या मागून साहेबांचा आवाज आला. तो आम्ही फोनमधूनही ऐकला. "अण्णा, रेंज न्हाई हितं. नंतर बोलतो."

बीटवाल्यानं साखळी काढली. दोघं बाहेर आले. साहेबांचं धोतर नवं होतं, कपाळाला गंध होतं, फोन अजून कानालाच होता. ते आमच्या मधून चालत बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथं थांबले, कारण पुढं कुठं जायचं हे त्यांना सुचलं नसावं. घर तर मागं होतं. अक्का पायरीवर बसून श्वास ओढत होत्या. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. मग अण्णांनी जीपमधून आंबिलाचा डबा मागवला, तांब्या भरला आणि साहेबांच्या पुढं धरला.

"घ्या पाहुणे. सणाचा दिवस हाय. रान आमचं असलं म्हणून काय झालं."

साहेबांनी तांब्या घेतला आणि प्यायला. सगळा. मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण येळवशीची आंबील नाकारायची नसते, आणि तेवढं तरी त्यांनी रानवाल्यासारखं पाळलं.

टेम्पोतल्या एका पोरानं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. ते संध्याकाळी सुरक्षेच्या ग्रुपवर आलं, 'चोर पकडला' असं लिहून. त्या ग्रुपवर घरोघरची बंगळूर-पुण्याला गेलेली मुलंही होती, आईबापांची काळजी म्हणून. साहेबांच्या मुलीनं ते पाहिलं. तिनं वडलांना फोन केला आणि एवढंच विचारलं, की आईला पंप मारला का. लग्नाचं एक अक्षर नाही. अण्णांनी पुढच्या आठवड्यात निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही. मुलगा काय म्हणाला? काही नाही. तो अण्णांचाच मुलगा, नाही म्हणणं त्यालाही शिकवलेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याचं भालकीकडं लग्न झालं, बागायतीसकट. मी जेवून आलो. बुंदी उत्तम होती.

पुढच्या येळवशीच्या आधी समितीची बैठक भरली. बीटवाल्यानं हात जोडून सांगितलं, "यंदा मला सोडा अण्णा. माय रोज फोन करायलीय, एक डाव तरी येळवशीला ये म्हणून."

"पहाऱ्याला कोण मग?" एकानं विचारलं.

अण्णांनी मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. एका रांगेत उभ्या असलेल्या ज्वारीवर वारा गेल्यासारखी डोकी फिरली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर थांबली.

"रान नसलेला माणूस एकच हाय," अण्णा म्हणाले. "तसं लेखकसाहेबांना बी न्हाई, पर ते आमच्याकडं जेवायला असत्यात." मी नम्रपणे मान हलवली. "काय साहेब, जमंल ना? शिट्टी देतो, दंडाला पट्टा देतो."

साहेब उभे राहिले. "जमंल," ते म्हणाले. "चोराला चोराची वाट ठावं असती." सगळे हसले. ते हसले नाहीत.

आणि गंमत बघा. त्या एका आठवड्यात त्यांच्या दारात आमंत्रणांची रीघ लागली. आता त्यांना रान नाही हे जगजाहीर होतं, म्हणजे ते बोलावण्याजोगे झाले होते. या साहेब, आमच्या रानात या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येकाला ते गळ्यातली शिट्टी दाखवायचे आणि म्हणायचे, ड्युटी हाय.

अक्का मात्र निघाल्या. कुणाच्या रानात? अण्णांच्या. अण्णांच्या बायकोनं, दया म्हणून की जखमेवरची खपली बघायला म्हणून, त्यांना खास बोलावलं होतं. निघताना अक्कांनी दंडाला पट्टा बांधलेल्या नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "खुर्ची सावलीला घ्या," आणि जीपमध्ये माझ्या शेजारी बसल्या.

पंगतीत त्यांच्या शेजारी अण्णांची नवी सून बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या. अण्णांच्या बायकोनं अक्कांच्या पानात भज्जी वाढली. "घ्या बाई, लाजू नका, आपलंच रान समजा."

अक्कांनी घास घेतला, चावला, थांबल्या.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "मिरची जरा कमी पडली. मागल्या वर्षी आमच्या दारात जाळली न्हवं, त्यातली थोडी ठेवायची व्हती."

कोपीतल्या पांडवांनीसुद्धा कान टवकारले असतील. अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. सून इकडं तिकडं बघत राहिली, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. अक्का शांतपणे जेवल्या. उंडे दोनदा मागून घेतले.

दिवस कलता आम्ही परतलो. थंडी पडायला लागली होती, मुलं पेंगत होती. कॉलनीच्या फाटकात साहेब उभे. त्यांनी शिट्टी मारली. जीप थांबली.

"कुठून आलाव?"

"रानातून," अण्णा हसून म्हणाले.

"कुणाच्या?"

अण्णांचं हसू जरा तसंच राहिलं. "माझ्या."

"बरं. या."

बाकीच्यांच्या पट्ट्या साहेबांनी एकेक करून तपासल्या, कुलपं उघडू दिली, लोक घरात गेले. अण्णांच्या दारापाशी येऊन ते थांबले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

पट्टी मधोमध फाटलेली होती.

"वाऱ्यानं फाटली असंल," अण्णांनी किल्ली काढली.

"हात लावू नका." साहेब पुढं झाले. "आत कोण हाय सांगता येत न्हाई. बीटवाला येऊन बघंस्तोवर भायेर थांबायचं. समितीचा नियम हाय."

"अहो, माझं घर हाय."

"मागल्या वर्षी माझं बी माझंच व्हतं."

नियम अण्णांनीच केला होता, टाळ्या घेऊन. त्यांनी बीटवाल्याला फोन लावला. पलीकडं बायकांचे हसण्याचे आवाज, भांड्यांचा खणखणाट. "व्हय व्हय अण्णा, येतो की. दुसरी पंगत बसलीय आत्ताच. पहिल्यांदा आलाव बघा इतक्या सालांनी." आणि बंद.

मग अण्णांचं सगळं घराणं आपल्याच ओट्यावर ओळीनं बसलं. सून काकडत होती. अण्णांच्या बायकोनं अंगावरची शाल तिला दिली, आणि मग ती स्वतः काकडू लागली. समोरच्या घरात दिवा लागला. अक्का आत गेल्या होत्या. थोड्या वेळानं चहाचा वास आला. तो फक्त वासच आला.

मी मुद्दाम साहेबांच्या जवळ जाऊन उभा राहिलो, तंबाखू मागायला म्हणून. त्यांनी पुडी पुढं केली. त्यांच्या उजव्या हाताच्या नखात वाळलेली खळ होती, कागदाचा पांढरा कण होता. सकाळी पट्ट्या चिकटवताना लागली असेल म्हणावं, तर चिकटवताना खळ बोटाला लागते. नखाखाली शिरते ती खरवडताना. मी तंबाखू घेतली आणि तोंड बंद ठेवलं. चालू नाटकात उठून जाणारा मी नव्हेच.

सून शालीतून मान वर करून साहेबांकडं बघत होती. धोतर, दंडाला लाल पट्टा, गळ्यात शिट्टी. तिनं हळूच नवऱ्याला विचारलं, "हे कोण हायत?"

मुलगा पायाकडं बघत होता. या माणसाच्या घरी त्यानं कॉलेजच्या सुट्ट्यांत कितीदा पोहे खाल्ले होते, 'काका' म्हणून.

"वॉचमन हाय," तो म्हणाला.

साहेबांनी ते ऐकलं. त्यांनी खिशातून फोन काढला, बीटवाल्याला लावला आणि आम्हा सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सावकाश जेव बाबा. खीर खाऊन ये. हितं काई घाई न्हाई."